हॅलोजन लागताना

दोन आवाजांपैकी खरा कोणता आणि यंत्राने घडवलेला कोणता, हे डोळे मिटून ओळखणे हे माझे काम आहे. पुण्याच्या आमच्या ध्वनिचाचणी केंद्रात खिडकी नसलेली एक खोली आहे. भिंतींना राखाडी फोम, मधोमध एक खुर्ची आणि खुर्चीच्या हातावर दोन बटणे. एक दाबले की गिटार जुन्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमधून, म्हणजे काचेच्या तापणाऱ्या नळ्यांवर चालणाऱ्या पेटीतून, ऐकू येते. दुसरे दाबले की तीच गिटार, तेच सूर, पण त्या ॲम्प्लिफायरची नक्कल करणाऱ्या, जेवणाच्या डब्याएवढ्या मॉडेलरमधून. कोणत्या बटणामागे काय दडले आहे, हे मला आधी सांगत नाहीत. मी ऐकतो आणि दोन्हींतला फरक लिहून काढतो. चारचौघांत बोलायची वेळ आली की मला काही सुचत नाही. त्या खोलीत मात्र मला कधी परके वाटले नाही.

अलीकडे फरक म्हणून लिहायला फारसे काही उरत नसे. व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने एकेक करून बंद पडले होते आणि त्यांच्यावर चालणारे ॲम्प्लिफायर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखे एकेकटे विझत होते. त्यांची जागा मॉडेलरांनी घेतली. पहिल्या पिढीतले मॉडेलर ॲम्प्लिफायरच्या प्रत्येक भागाचे गणित मांडत: हा व्हॉल्व्ह इतका तापला तर इतका प्रवाह जाऊ देईल, हा ट्रान्सफॉर्मर इथे गुदमरेल. नव्या पिढीने गणित सोडले आणि ती शिकू लागली. खऱ्या ॲम्प्लिफायरला हळू, जोरकस, खर्जातले, तारेला नखाने नुसते डिवचलेले असे असंख्य सूर ऐकवायचे. आत काय गेले आणि बाहेर काय आले, हे यंत्रासमोर ठेवत राहायचे. थोड्याच वेळात यंत्र त्या ॲम्प्लिफायरचा स्वभाव उचलते, लहान मूल घरातल्यांची बोलण्याची ढब उचलते तसे. मग मूळ वस्तू भंगारात गेली तरी तिचा आवाज राहतो, असे आम्ही म्हणत असू.

असा एक ॲम्प्लिफायर आमच्या नगरच्या घरी होता. त्याला सगळे हिरवी पेटी म्हणत. माझे वडील इम्मान्युएल साळवे ‘ऑर्केस्ट्रा रजनीरंग’चे गिटारवादक, आणि माझी आई रत्नमाला त्याच ऑर्केस्ट्राची गायिका. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंनी एका बंद पडलेल्या टॉकीजच्या सामानातून ही पेटी पप्पांसाठी जुळवली होती आणि उरलेला हिरवा ऑइलपेंट तिला फासला होता. जत्रा, उरूस, गणपती, लग्नाचे मांडव. जिल्ह्यात जिथे जिथे तंबू लागला तिथे ती टेम्पोतून गेली. माझा जन्म झाला तोवर ऑर्केस्ट्रा संपत आला होता. पेटी दिवाणखान्यात आली, आणि नाताळच्या दिवसांत चर्चच्या हॉलमध्ये जाण्यापुरती बाहेर पडू लागली. तिच्यात आता व्हॉल्व्हचा शेवटचा संच होता. तो गेला की दुसरा मिळणार नव्हता.

गेल्या हिवाळ्यात आईच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली. हातापायांतली ताकद हळूहळू परत आली. बोलणे परत आले नाही. तिला सगळे समजे. विनोदावर ती हसे, पप्पा भाजीत मीठ विसरले की डोळे वटारी. पण शब्द उचलायला जाई तेव्हा ओठ थरथरत आणि रिकामेच मिटत. तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावर जे उमटे, ते पाहणे मी टाळत असे. नगरला जाण्याऐवजी मी पुण्याहून फोन करी, आणि फोनवर बोलणार कोण, तर पप्पा.

तिच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या तरन्नुम बागवान आठवड्यातून दोनदा घरी येत. माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या असतील. आईशी त्या पहिल्या दिवसापासून मैत्रिणीसारख्या भांडत.

“बोलणं डावीकडे राहतं, गाणं बरंचसं उजवीकडे,” त्यांनी मला समजावले होते. “डावीकडचा रस्ता खचलाय. पण ज्यांना बोलता येत नाही, असे कितीतरी जण गाऊ शकतात, शब्दांसकट. एकदा गाणं सुरू झालं की त्याच चालीवर रोजची वाक्यं बसवायची. डाव्या हाताने ठेका धरायचा, ‘पाणी दे’ गाऊन म्हणायचं. होता होता चाल गळून पडते आणि वाक्य उरतं.”

“मग गाणं सुरू करा की,” पप्पा म्हणाले.

“काका, ते माझ्या हातात असतं तर मी तुमच्याकडून एवढा चहा उकळला असता का? ‘गा’ म्हटलं की काकू थिजतात. त्यांना सांगून चालणार नाही. गाणं त्यांच्या नकळत सुटायला हवं.”

ते नकळत एकदाच सुटले.

त्या शनिवारी मी मॉडेलर आणि रेकॉर्डर घेऊन घरी आलो होतो. पेटी विझण्याआधी तिचा आवाज यंत्राला शिकवून ठेवावा, एवढाच बेत. संध्याकाळची वेळ. गल्लीच्या तोंडाशी विजेचा दाब सांभाळणारी कपाटाएवढी बॅटरी बसवली आहे, तशी आता सगळीकडेच असते. त्या दिवशी तिची दुरुस्ती चालली होती आणि कुठूनतरी आणलेला जनरेटर कोपऱ्यावर धडधडत होता. पप्पांनी मापाचे सूर वाजवून दिले आणि मग कंटाळून रजनीरंगच्या पहिल्या गाण्याची सुरावट छेडली. ते गाणे त्यांनीच बांधलेले. प्रत्येक कार्यक्रम त्यानेच सुरू होई. आई खिडकीपाशी शेंगा सोलत होती. सुरावट संपत आली आणि तिने, हातातली शेंग तशीच ठेवून, गायला सुरुवात केली:

‘थांबा जरासे, पाखरांनो, अजून मी यायची आहे...’

एकच ओळ. स्वच्छ, शब्दन् शब्द जागच्या जागी. मग तिचे तिलाच ऐकू आले, आणि ती तोंडावर हात ठेवून रडू लागली. पप्पांची बोटे तारांवर थांबली ती थांबलीच.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी तीच सुरावट वाजवली. आईने वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनीच पाहिली. काही झाले नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. प्रत्येक वेळी ती ओठ उघडी, योग्य जागी श्वास घेई आणि तिथेच अडे. मी मॉडेलर लावून पाहिला. केंद्रातले आणखी दोन वेगळे मॉडेलर आणून त्यांनाही पेटी शिकवली. पडद्यामागे पेटी आणि तिन्ही यंत्रे ठेवून पप्पांना ओळखायला सांगितले.

“हे,” ते म्हणाले.

“ते यंत्र आहे, पप्पा.”

“मग हे.”

“तेही यंत्रच.”

त्यांनी गिटार मांडीवरून खाली ठेवली. “तुझे डबे हुशार आहेत, ज्यो. घर हुबेहूब बांधलंय. भिंती, कौलं, सगळं. फक्त आत कोणी राहत नाही.”

“पण पेटीवरही आई गात नाहीये,” मी म्हणालो.

पेटीचा खटका बंद करून, तिच्या तापलेल्या लाकडावर पप्पांनी हात ठेवला. तिचे उरलेले आयुष्य आम्ही असेच उधळत होतो, हे दोघांनाही कळत होते.

तरन्नुम म्हणाल्या की, अशा वाटा फार काळ उघड्या राहत नाहीत. न बोलण्याचीही सवय होते, आणि आई प्रयत्न करणे सोडू लागली आहे. शेवटी शेवटी पप्पा वाजवायला बसले की ती उठून आत जाऊ लागली.

सोमवारी मी केंद्रात त्या शनिवारचे रेकॉर्डिंग लावून बसलो. त्यातली पेटी आणि नंतरची पेटी, अशी तुलना मी पूर्वीच केली होती. फरक सापडला नव्हता. नेहमीच्या पद्धतीनेच केली होती ती. कोणत्याही रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर उतरते. वीज दिशा बदलत सेकंदाला पन्नास आवर्तने पुरी करते, तिचाच तो खालच्या पट्टीतला घुमारा. तुलनेत तो अडथळा ठरतो, म्हणून पहिल्याच पायरीला तो गाळून टाकायचा, असा आमचा शिरस्ता. तसेच चाचणीच्या वेळी प्रत्येक यंत्र स्टॅबिलायझरवर ठेवायचे, म्हणजे विजेचा दाब हलणार नाही आणि तुलना निर्मळ होईल. नगरच्या घरीही मी हा नियम पाळला होता. फक्त त्या पहिल्या शनिवारी स्टॅबिलायझर पुण्यातच राहिला होता.

फरक गाळलेल्या भागात असेल, असे कधी मनात आले नव्हते. त्या दिवशी दुसरे करण्यासारखे काही नव्हते म्हणून मी रेकॉर्डिंगमधली गिटार बंद केली आणि नुसता तो टाकाऊ घुमारा ऐकला.

तो पन्नासवर नव्हता. जनरेटरचा असल्याने जरा खाली होता आणि दमेकऱ्याच्या श्वासासारखा हेलकावत होता. आणि सुरावटीच्या शेवटी, आईने ओळ उचलण्याच्या किंचित आधी, तो एकदम वाकला. कोणीतरी जिन्यात बसावे तसा खाली बसला आणि हळूहळू उठला. मागे, फार बारीक, शेजारच्या काकांचा पाण्याचा पंप सुरू झाल्याचा आवाज होता.

मी गिटार पुन्हा चालू केली. आता ऐकू आले. पंपाने वीज ओढताच दाब पडला होता. दाब पडताच पेटीतल्या व्हॉल्व्हची ताकद क्षणभर कमी झाली होती. गिटारचा सूर तिथे मऊ पडत होता, दबत होता, आणि मग फुगत, रुंद होत वर येत होता. चांगल्या विजेवर तो सूर नुसता वाजून संपे. इथे तो बाजूला सरून कोणाला तरी जागा देत होता.

मी घरी फोन लावला. फोनवर मी सहसा पहिला बोलत नाही.

“पप्पा, रजनीरंगचा कार्यक्रम सुरू व्हायचा तेव्हा स्टेजवर नक्की काय व्हायचं? अगदी पहिल्यापासून सांगा.”

“काय व्हायचं? अंधार असायचा. पूर्ण अंधार. मी एकटा वाजवायचो, पब्लिक शिट्ट्या मारायचं. सुरावट संपत आली की आमचा वायरमन किसन सगळे हॅलोजन एकदम टाकायचा आणि तुझी आई पुढे यायची.”

“आणि जनरेटर?”

“जनरेटर कण्हायचा. दर वेळी. एवढा लोड एकदम पडला तर काय होणार? माझा आवाज बसायचा तेवढ्यात. किसनला मी किती शिव्या दिल्यात. एकेक दिवा टाक म्हणायचो, ऐकेल तर शपथ.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “ज्यो, तिची पाठ असायची रे आमच्याकडे. आणि समोरून हॅलोजन डोळ्यांत. तिला काही दिसायचंच नाही. मी कधी विचारलंच नाही, तू बरोबर कशी येतेस म्हणून.”

वीस वर्षे ज्या विजेला त्या साऱ्यांनी नावे ठेवली, ती आईला दर कार्यक्रमात खूण देत होती. आता गल्लोगल्ली बॅटऱ्या आल्या, दाब केसभरही हलेनासा झाला, आणि तिची खूण जगातूनच नाहीशी झाली. उरलीसुरली मी स्टॅबिलायझर लावून पुसली होती.

शनिवारी मी केंद्रातला डिमरस्टॅट घेऊन आलो. वरची चकती फिरवली की विजेचा दाब हवा तेवढा कमी-जास्त करता येतो, इतके साधे ते अवजड यंत्र. पेटी त्याला जोडून एकदा करून पाहणे सोपे होते. पण एकदा पाहून भागणारे नव्हते. तरन्नुम यांना आईकडून रोज, महिनोन् महिने गाऊन घ्यायचे होते, आणि पेटीत तेवढे दिवस उरले नव्हते. दुसरा मार्ग म्हणजे मॉडेलरला पेटी नव्याने शिकवणे: एकाच दाबावर नाही, तर चढत्या, पडत्या, कोसळून सावरणाऱ्या प्रत्येक दाबावर. त्यासाठी तिला सलग, थकेपर्यंत चालवावी लागणार होती.

“आणि त्यात ती गेली तर?” पप्पांनी विचारले.

“तर मग फक्त यंत्र राहील. आणि ते जमलंय की नाही, हे पडताळायला पेटी नसेल.”

“आणि न जमलं तर?”

आई दारात उभी होती. तिने आमच्याकडे पाहिले, मग पुढे येऊन पप्पांच्या मांडीवर गिटार ठेवली आणि पेटीचा खटका स्वतःच वर केला. तिला सगळे समजत होते, हे आम्ही दोघे अधूनमधून विसरत असू.

पप्पा वाजवत राहिले, मी चकती फिरवत राहिलो. दाब खाली नेला की पेटी घोगरी होई, वर आणला की उजळे. मी तिला पुन्हा पुन्हा पाडले आणि उठवले. पप्पांचा अंगठा सुजला तरी ते थांबले नाहीत. दुपार कलली तेव्हा पेटीच्या मागच्या जाळीतून दिसणारी नारिंगी ऊब एका बाजूने निळसर झाली, लुकलुकली आणि विझली. शेवटचा सूर स्पीकरमध्ये खरखरत संपला. यंत्राच्या पट्टीवर शिकणे पूर्ण झाल्याची खूण त्याच्या थोडी आधी उमटली होती.

पप्पांनी रुमालाने पेटी पुसली, वरून, दोन्ही बाजूंनी, तिच्यावर धूळ नसतानाही. “रशीद असता तर म्हणाला असता, लई चालली,” ते म्हणाले.

तुलनेला आता दुसरी बाजू उरली नव्हती. माझ्या साऱ्या शिक्षणात अशा चाचणीची तरतूद नाही. मी मॉडेलरला पायाने दाबायचे एक पॅडल जोडले. ते दाबले की यंत्रातली वीज, नसलेली वीज, कोसळून सावरणार होती. पॅडलवर काहीतरी लिहायला हवे म्हणून मी चिकटपट्टीवर ‘दिवे’ असे लिहिले.

तरन्नुम आल्या. आई पाठ करून खिडकीपाशी बसली. पप्पांनी सुरावट धरली. खूण द्यायला मी थोडा उशीर केला असावा, कारण पप्पांनी शेवटचा सूर ओढून धरला आणि माझ्याकडे रागाने पाहिले, किसनकडे पाहत असतील तसे. मी पॅडल दाबले. सूर बसला, बाजूला सरला.

‘थांबा जरासे, पाखरांनो...’

या वेळी ती पहिल्या ओळीवर थांबली नाही. तरन्नुम यांनी पुढे होऊन तिचा डावा हात हातात घेतला आणि ठेका धरला. कडवे संपले तसे त्यांनी त्याच चालीत, अतिशय बेसूर आवाजात गायले, “काकू, मला चहा हवा...” आणि आईने हसत, रडत, त्याच चालीत उत्तर दिले, “यांना सांग, मी नाही करणार...”

त्यानंतर मी दर शनिवारी नगरला जाऊ लागलो. गाऊन मागितलेले पाणी, गाऊन केलेल्या तक्रारी, गाऊन काढलेली माझ्या लग्नाची गोष्ट. आमच्या घराचा ऑर्केस्ट्रा झाला होता. पप्पा बाकीच्या दोन मॉडेलरांना अजूनही डबेच म्हणतात. या एकाला मात्र पेटी म्हणू लागले. खऱ्या पेटीवर आईने क्रोशाचा रुमाल घातला आहे. चाल गळून पडायला मात्र तयार नव्हती. सुराचा हात सोडला की शब्द पुन्हा बुडत. तरन्नुम घाई करत नव्हत्या.

नाताळच्या कार्यक्रमाला चर्चच्या हॉलमध्ये रजनीरंगचे पहिले गाणे व्हायचे ठरले. स्टेजचे दिवेही पॅडललाच जोडायचे होते, आणि ते दाबायला मला स्टेजवर बसावे लागणार होते. मी पप्पांना म्हणालो की ते स्वतःच पायाने दाबू शकतात.

“वाजवणाऱ्याने दिवे लावायचे नसतात,” ते म्हणाले. “शिव्या कोणाला देऊ मग?”

हॉल भरला होता. मी पडद्याच्या कडेला, अंधारात, पॅडलपाशी बसलो होतो. समोर माणसांची कुजबुज चालली होती. पप्पांनी सुरावट सुरू केली. आई माझ्या शेजारी उभी होती, पदर सारखा करत, पाठ ताठ. सुरावट संपत आली आणि मला काही सुचेना. पाय जागचा हलेना. पप्पा शेवटचा सूर ओढत राहिले, ओढत राहिले.

माझ्या खांद्यावर आईचा हात पडला. ती वाकली, आणि माझ्या कानाशी, कोणत्याही चालीशिवाय, वैतागलेल्या, अगदी कोरड्या आवाजात म्हणाली:

“ज्यो. दिवे लाव.”

मी पॅडल दाबले, आणि ती माझ्या पुढून उजेडात गेली.